तेल प्यालेला फळा

तुमच्या गुरुजींचं नाक तुम्ही कधी चार बोटांवरून पाहिलं आहे का?

नसणारच. मुलांच्या वाट्याला गुरुजींची पाठ येते, नाक येतं माझ्या वाट्याला. मी शाळेचा फळा. माधवराव गुरुजींचं नाक तपकिरीनं कायम भरलेलं असायचं. ते शिंकले की भागाकारातली बाकी पुसली जायची. पंचाक्षरी गुरुजींच्या नाकावर मात्र सदा घामाचे तीन थेंब. पौषात बाहेर पोरं दातावर दात आपटत असली, तरी हे तीन थेंब आपल्या जागी हजर. त्या थेंबांची गोष्ट सांगितली की माझी गोष्ट आपोआप सांगून होते.

मूळचा मी लिंबाचा. निलंग्यापासून दोन कोसांवर एक गाव आहे. तिथल्या भुसार व्यापारी शरणप्पांनी बांधावरचा लिंब तोडला आणि सुताराकडून आपल्या कोठाराला दोन कवाडं करून घेतली. त्यातलं डावं कवाड म्हणजे मी. ज्वारी आत ठेवायची आणि शेळ्या बाहेर ठेवायच्या, एवढंच आमचं काम. वीस वर्षं आम्ही दोघा भावांनी ते इमानानं केलं. मग शरणप्पांनी लातूरहून पत्र्याचं दार आणलं. माझा भाऊ कोंबड्यांच्या खुराड्यावर गेला आणि मी शाळेत आलो. शिकलेला तेवढा मीच निघालो.

"शाळंला फळा पायजे? न्या की," शरणप्पा म्हणाले होते. "पर त्याची कडी काढू नगा बरं का. लोखंड लई भारी हाय. उद्या तुमची शाळा मोडली तर माझं कवाड मला माघारी पायजे."

म्हणून माझी कडी तशीच राहिली. माधवराव गुरुजी सकाळी ती खडखड वाजवायचे आणि शाळा भरायची. म्हणजे मी फळाही होतो आणि घंटाही. दोन कामं करून पगार मात्र एकाचाही नाही.

शाळा निजाम सरकारची, चौथीपर्यंतची. सरकारी कागदात तिचं नाव 'मदरसा तहतानिया', गावात तिचं नाव 'माधवराव गुरुजीचं माळवद'. मुलांना शिकवायचं मराठीत, हजेरी मांडायची उर्दूत, सुट्टी शुक्रवारी. माधवराव तिथले मोठे गुरुजी. त्यांच्या हाताखाली फसली सन तेराशे पंचेचाळीसात, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पस्तीसच्या सुमारास, पंचाक्षरी आले, उमेदवार म्हणून. उमेदवार म्हणजे शिकाऊ मास्तर. काम सगळं करायचं, पगाराचं नाव काढायचं नाही आणि वरच्या साहेबांनी एकदा पाठ पाहून 'पक्का' म्हणेपर्यंत वाट बघायची.

पंचाक्षरींच्या घरचा तेलाचा घाणा होता. वडील बसवराज करडीचं तेल काढायचे. मुलगा मास्तर होतो म्हणाला तेव्हा त्यांनी निक्षून सांगितलं होतं, "दोन वर्सं देतो. सायबानं पक्का केला तर मास्तर. न्हाई केला तर घाणा. मग पुन्यांदा पुस्तकाचं नाव काढायचं न्हाई."

दोन वर्षं कशी गेली ते मी सांगतो, कारण ती सगळी माझ्याकडे तोंड करून गेली.

पहिल्या दिवशी पंचाक्षरी वर्गात आले, तीस मुलांकडे एकदा पाहिलं आणि झटकन माझ्याकडे वळले. ते वळले ते वळलेच. सोळाचा पाढा त्यांनी मला शिकवला. बेरीज मला शिकवली. 'गाय हा उपयुक्त प्राणी आहे' हेही मलाच सांगितलं. मी शेळ्या अडवण्यात हयात घालवलेला, मला गाईचं काय कौतुक? पण शिकलो. वर्षाअखेरीस सबंध शाळेत एकट्या माझा सोळाचा पाढा बिनचूक होता. दुर्दैव असं, की परीक्षा मुलांची घेतात.

शाळा सुटल्यावर ते एकटेच मागे राहायचे आणि मला पुसता पुसता मन मोकळं करायचे. आपलं ऐकणारा फळाच आहे म्हटल्यावर माणूस खरं बोलतो.

"फळ्या," एकदा म्हणाले, "मी दुसरीत हुतो. आडात पाणी कुठनं येतंय म्हणून इचारलं, तर आमच्या पंतोजीनं पट्टी हाणली. म्हणले, येतंय तिथनं येऊ दे, तू पाढा म्हण. तवाच ठरवलं, मास्तर झालो तर पोरांना मारायचं न्हाई."

मी मनात म्हटलं, चांगलं ठरवलं.

"पर मारायचं न्हाई एवढंच ठरवलं बघ. पोरानं इचारलं तर काय करायचं, ते ठरवायचं राहूनच गेलं." आणि त्यांनी नाकावरचे तीन थेंब बाहीनं टिपले. "घाण्याचा बैल बरा रं. त्याच्या डोळ्याला झापड असती. ही तीस पोरं सारखी बघत ऱ्हात्यात."

आता मला उलगडा झाला. पाठीला कोणी प्रश्न विचारत नाही, म्हणून हे माझ्याकडे तोंड करून उभे. माणसं साहेबाला भितात, सापाला भितात. सात-आठ वर्षांच्या पोरांना भिणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

एक दिवस माधवरावांनी दुसरीच्या मुलांना पाटीवर गुरुजींचं चित्र काढायला सांगितलं. माधवरावांची नात चंद्रप्रभा त्याच वर्गात होती. आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली आणि भीती म्हणून ठाऊक नाही अशी. तिनं पंचाक्षरींचं चित्र काढलं. कोटाची उसवलेली शिवण हुबेहूब, मानेवरचा तीळ हुबेहूब, मागं उभे राहिलेले दोन केससुद्धा. पंचाक्षरींनी पाटी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"छान हाय. पर तोंड कुठाय?"

"तोंड आमाला दिसतच न्हाई की, गुरुजी."

शेजारी श्रीमंत बसला होता. नावाचा श्रीमंत, अंगात सदरा थोरल्या भावाचा आणि टोपी धाकट्याची. तो म्हणाला, "मी बघितलंय एकदा. बाजारात. मिशी हाय त्यांला."

वर्ग खो खो हसला. पंचाक्षरीही हसले, पण त्या संध्याकाळी मला पुसताना त्यांचा हात फार सावकाश फिरत होता. "माझ्या पंतोजीची मला निस्ती पट्टी आठवती," ते म्हणाले. "ह्या पोरांना माझा तीळ आठवंल." दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांकडे तोंड करून शिकवायचं ठरवलं. पाच मिनिटं केलंही. मग कोणीतरी हात वर केला आणि ते पुन्हा माझ्याकडे.

तो हात चंद्रप्रभेचा होता. माझ्यावर त्या दिवशी मांजरा नदीचा नकाशा काढलेला. पंचाक्षरींचा हात चित्राला चांगला. नदी डावीकडून निघाली, निलंग्याच्या बाजूनं उजवीकडे खाली खाली गेली, आणि मग मोठं वळण घेऊन वर देगलूरच्या अंगाला आली.

"गुरुजी, देगलूरला माझी मावशी ऱ्हाती."

"बरं."

"नदी हितं खाली आली, मग तितं वर कशी चढती? पाणी चढतंय व्हय?"

पंचाक्षरींनी नकाशाकडे पाहिलं. नकाशात नदी खरंच वर चढत होती, अगदी माझ्या कडीपर्यंत. ते म्हणाले, "पुस्तकात तसंच हाय. लिहून घ्या." आणि नाकावरचे थेंब तिनाचे पाच झाले.

त्याच आठवड्यात हुकूम आला. शिक्षण खात्याचे मोठे साहेब, ज्यांना सगळे मोहतमीमसाहेब म्हणत, ते शनिवारी मुआयन्याला येणार. शाळा तपासणार आणि उमेदवाराचा नमुन्याचा पाठ पाहणार. पाठ कशावर? मांजरा नदीवर.

आमच्याकडे मुआयना म्हणजे लग्नघर. बायांनी जमीन सारवली, मुलांची डोकी भादरली, पाहुण्यांसाठी तांब्या चिंचेनं घासला. राहिलो मी. दर वर्षी मुआयन्याआधी माधवरावांच्या घरून माक्याचा पाला आणि दिव्याची काजळी वाटून यायची आणि माझ्या तोंडाला फासली जायची. त्यानं फळा काळा होतो, कोरडा राहतो, खडू छान उठतो. या वर्षी माधवराव म्हणाले, "पंचाक्षरी, फळ्याचं तुम्ही बघा." बघा म्हणजे काय बघा, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊकच असतं असं त्यांना वाटत होतं. ज्याच्या घरी घाणा आहे त्याला काय ठाऊक असतं, याचा विचार त्यांनी केला नाही.

शुक्रवारी सुट्टी. पंचाक्षरी आले, सोबत त्यांची आई दानम्मा. त्यांनी काजळी फासली. दानम्मानं लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, बोटानं खरवडून पाहिलं.

"अय्यो अप्पा, किती रुक्ष दिसतंय रं हे! सायब काय म्हणंल? तेल्याच्या घरात काय तेलाचा दुष्काळ पडलाय?"

"फळ्याला तेल लावत्यात व्हय, अव्वा?"

"गाडीच्या चाकाला लावतो. दाराला लावतो. बैलाच्या शिंगाला लावतो. तुझ्या टाळूला मी दोन वर्सं थापलं म्हणून तू मास्तर झालास. तेलाबिगर कशाला तकाकी येत न्हाई."

आता माझी लबाडी कबूल करतो. मला सगळं ठाऊक होतं. लिंबाला तेल फार चढतं आणि तेलावर खडू उठत नाही, हे मला कळत होतं. पण जन्मात मला कोणी तेल लावलं नव्हतं. त्या माउलीनं ओंजळी-ओंजळीनं करडीचं तेल घेतलं आणि बाळंतिणीच्या बाळाला चोळावं तसं मला वरून खालपर्यंत चोळलं. वर म्हणाली, "पी बाबा, पी." मी प्यालो. कडीलासुद्धा लावलं. मी असा काही चमकू लागलो की एक चिमणी येऊन माझ्यातल्या चिमणीशी भांडून गेली.

शनिवारी सकाळी माधवराव आले आणि माझ्यासमोर थबकले.

"पंचाक्षरी, फळ्यात माझं तोंड दिसतंय!"

"व्हय की गुरुजी," पंचाक्षरी खुशीनं म्हणाले. "दोन शेर तेल..."

माधवरावांनी पुढचं ऐकलं नाही. खडू उचलला आणि 'श्री' काढायला गेले. खडू माझ्यावरून सर्रकन घसरत खाली गेला. रेघ उठली नाही. पुन्हा गेले, पुन्हा घसरला. ते मट्टकन खाली बसले.

"पंचाक्षरी, दोन वर्षं केलीत आणि शेवटच्या दिवशी तुम्ही फळ्याला अभ्यंगस्नान घातलंत!"

चुलीतली राख आणून चोळली. राखेचा आणि तेलाचा चिखल झाला. तो पुसला, तर मी आणखी चमकलो. तेवढ्यात वेशीवर दमणीच्या बैलांची घुंगरं वाजली. साहेब आले.

मोहतमीमसाहेब उंच, शेरवानी घातलेले, डोक्यावर रुमी टोपी, पायात चकचकीत काळे जोडे. हजेरी पाहिली, मुलांची नखं पाहिली, खुर्चीवर बसले. पलीकडे त्यांच्यासाठी तांब्याभर पाणी ठेवलेलं.

"हां मास्टर, सबक शुरू करो."

पंचाक्षरी सवयीनं माझ्याकडे वळले. हातात खडू. नाकावरच्या थेंबांची मोजदाद मी सोडून दिली. खडू टेकवला, घसरला. जोर केला, मोडला. दुसरा घेतला, त्याचे दोन तुकडे झाले. मागून साहेबांचा आवाज आला, "ये तख्ता है, या आईना?"

आणि खरंच त्या क्षणी मी आईना होतो. चार बोटांवरून पंचाक्षरींनी माझ्यात पाहिलं, आणि त्यांना दिसली मागं बसलेली तीस मुलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती एकत्र, नीट पाहिली. श्रीमंत टोपीचं टोक चावत होता. चंद्रप्रभेनं डोळे मिटून हात जोडले होते आणि तिचे ओठ पुटपुटत होते. सगळी पोरं भेदरली होती. साहेबाला नव्हे. गुरुजींचं आता कसं होणार, याला.

ज्यांना आपण भीत होतो ती आपल्यासाठी भीत आहेत, हे कळल्यावर माणसाच्या नाकाचं काय होतं, हे मी पाहिलं आहे. ते कोरडं होतं.

पंचाक्षरींनी खडू ठेवला आणि मुलांकडे वळले.

"चंद्रप्रभा, परवा तू काय इचारलं हुतंस?"

तिनं एक डोळा उघडला. माधवरावांनी तिला हातानंच 'नको, नको' केलं. पण नातीला दात नव्हते तरी जीभ होती. "नदी वर कशी चढती, ते."

"मला बी तवा ठावं नव्हतं," पंचाक्षरी साहेबांसमोर म्हणाले. "चला, बघू." आणि त्यांनी साहेबांसाठी ठेवलेला तांब्या उचलला.

माधवरावांनी डोळे मिटून घेतले.

"सगळी भिंतीपासनं उठा. जमिनीवर गोल बसा. श्रीमंत, तू निलंगा. हितं बस. चंद्रप्रभा, तू देगलूर. तिकडं, खांबाच्या पल्याड. आता बघा, मांजरा निघाली." त्यांनी सारवलेल्या जमिनीवर पाणी सोडलं.

पाणी श्रीमंताच्या गुडघ्याजवळून गेलं. "निलंगा भिजलं, गुरुजी!" तो ओरडला. पुढं ते पंचाक्षरींना वाटलं होतं तिकडं गेलंच नाही. ते निघालं थेट साहेबांच्या खुर्चीकडे. साहेबांनी जोडे उचलले.

"अरे अरे, मास्टर! तुम्हारी मांजरा तो इधर आ रही है!"

"साहेब, पाय उचलू नगा!" चंद्रप्रभा उभी राहिली. "तिथंच ठिवा. तुमच्या पायापाशी नदी वळायचीय!"

मोहतमीमसाहेबांनी एकदा त्या दात पडलेल्या पोरीकडे पाहिलं, एकदा आपल्या जोड्यांकडे पाहिलं, आणि जोडे हळूच जिथल्या तिथं ठेवले. पाणी येऊन जोड्यांना थडकलं. थोडं साचलं. वाट शोधली. मग साहेबांच्या डाव्या टाचेला वळसा घालून, खांबाच्या बाजूनं, उतारानं, संथपणे चंद्रप्रभेच्या परकराशी येऊन टेकलं.

"आली! मावशीकडं आली!"

"चढली का?" पंचाक्षरींनी विचारलं.

सगळी मुलं जमिनीला गाल लावून पाहू लागली. श्रीमंत म्हणाला, "न्हाई गुरुजी. उतारानंच आली. हितली जिमीन तिकडं खोल हाय."

"मग फळ्यावर का चढत हुती?"

चंद्रप्रभेनं माझ्याकडे बोट केलं. "कारण फळा उभा हाय. नदी आडवी असती."

माझी मान शरमेनं खाली गेली असती, पण फळ्याला मान नसते. दोन वर्षं मुलं जे उलटं समजत होती, ते माझ्यामुळे. मी भिंतीवर ताठ उभा, म्हणून उत्तर म्हणजे वर आणि दक्षिण म्हणजे खाली. बिचारी नदी माझ्या अंगावर उगाच चढत होती.

पाऊण तास ती नदी चालली. तेरणा नदी येऊन मिळाली, ती दुसऱ्या तांब्यातून. साहेब एका जागी बसून होते, मोजे भिजेपर्यंत. मधेच कोणी तरी विचारलं, "गुरुजी, साहेब कोण हाय?" पंचाक्षरी गोंधळले. साहेबांनीच उत्तर दिलं, "हम पहाड है, बेटा. पहाड बोलता नहीं."

जाताना त्यांनी शेरा लिहिला. माधवरावांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि शिंकले. पहिली ओळ होती, उमेदवारास पक्का करावे. दुसरी ओळ होती, फळा निकामी आहे, बदलावा.

म्हणजे गुरुजी पक्के झाले आणि मी कच्चा ठरलो. बातमी ऐकून शरणप्पा दुपारीच हजर. "मी म्हणलं हुतं न्हवं? माझं कवाड द्या माघारी. कोंबड्याच्या खुराड्याला दुसरं कवाड पायजेच हाय." दानम्मा दारात उभी राहून म्हणाली, "घेऊन तर बघा! दोन शेर तेल जिरलंय त्यात माझं." आणि लेकाकडे वळून, "सायब पास करून गेला का न्हाई? तेलाचाच गुण हाय." शरणप्पांनी माझी कडी एकदा हलवून पाहिली आणि ते गेले.

संध्याकाळी पंचाक्षरी माझ्यासमोर बसले. तोंड मुलांच्या रिकाम्या जागेकडे, पाठ माझ्याकडे. पहिल्यांदाच मी त्यांचा मानेवरचा तीळ निवांत पाहिला. चंद्रप्रभेनं अगदी बरोबर काढला होता.

"फळ्या," ते म्हणाले, "तुझी चूक न्हाई. मीच तुझ्याआड लपलो. पोरानं इचारलं तर काय करायचं, ते आज कळलं. 'चला, बघू' म्हणायचं. बास."

याला आठ वर्षं झाली. हैदराबादहून नवा फळा यायचा होता, तो अजून यायचा आहे. उन्हाळ्यात माझ्या अंगातून अजूनही करडीचं तेल पाझरतं आणि वरच्या कोपऱ्यात खडू उठत नाही. तिथं कोणी लिहीतही नाही. माझी कडी अजून वाजते. शरणप्पा अजून महिन्यातून एकदा येऊन ती हलवून बघतात. चंद्रप्रभा देगलूरला मावशीकडे राहून पुढं शिकते आहे. पंचाक्षरी गुरुजींच्या शाळेत पावसाळ्यात निम्मा वर्ग ओला असतो. तुम्ही कुठं शिकवत असाल तर एवढंच मागणं आहे, माझ्यासारख्यावर लिहा, हवं तेवढं लिहा, पण माझ्याशी बोलत बसू नका. मला सोळाचा पाढा येतो.

आणि हो, एक सांगायचं राहिलं. मुआयन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आधी, पंचाक्षरी गुरुजींनी मला समोरच्या भिंतीवरून उतरवलं आणि बाजूच्या भिंतीला, खिडकीजवळ, दोन खिळ्यांवर टांगलं, पुन्हा माझ्याआड लपता येऊ नये म्हणून.